चार नंबरचा पेन ड्राइव्ह

ऐन लग्नसराईत आमच्या वधू-वर सूचक मंडळाचा सर्व्हर बसला आणि लातूर-नांदेड पट्ट्यातल्या आमच्या समाजात तीन दिवस एकही लग्न जमलं नाही. वाढवून सांगत नाही. चौथ्या दिवशी सर्व्हर उठला आणि संध्याकाळपर्यंत दोन जमली. मधल्या तीन दिवसांत जे काही ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेतलं, कारण मी मंडळाचा मानद संगणक प्रमुख आहे. मानद म्हणजे चहा मिळतो. संगणक प्रमुख म्हणजे संगणक बंद पडला की जळकोटचा एक गृहस्थ सकाळी साडेसहाला फोन करून विचारतो, आमच्या पोरीची माहिती तुम्ही गिळली का.

औशाच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं मी. भागवत सर म्हटलं की अजूनही चाळिशीतले बाप्ये सिगारेट लपवतात. असला माणूस सर्वसाधारण सभेत गप्प कसा बसेल? अध्यक्ष श्रीमंतरावांनी माइक हातात घेऊन "संगणक विभागाचा हलगर्जीपणा" असे शब्द उच्चारले आणि मी ताडकन उभा राहिलो. म्हणालो, पुढच्या परिचय मेळाव्याच्या आत नांदेड शाखेत दुसरा सर्व्हर उभा करतो. लातूरचा मेला तर नांदेडचा उठून उभा राहील, एक नाव इकडचं तिकडं होणार नाही. टाळ्या पडल्या. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मला सर्व्हर उभा करता येत नाही. मला पासवर्ड टाकून आत जाता येतं, नावं घालता येतात आणि काढता येतात. एवढंच.

आमची तनुजा मात्र पोटापाण्यासाठी हेच करते. पुण्याच्या कंपनीचं काम लातूरला घरी बसून करते, दिवसभर परक्यांचे सर्व्हर सांभाळते. वय एकतीस. मंडळाच्या यादीत तिचा नंबर चारशे सतरा, तो मीच पाच वर्षांपूर्वी घातला. त्यापायी तिला कुणाचेही फोन यायचे. एकदा तर कंपनीची मीटिंग चालू असताना जळकोटच्याच त्या गृहस्थाने तिला चप्पल काढून उंची किती, असं विचारलं, आणि ते पुण्यातल्या अकरा जणांनी ऐकलं.

जेवताना मी विषय काढला. तिने भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करून देते अण्णा. पण चारशे सतरा नंबर काढायचा. मला दोन सेकंद लागतील काढायला, पण मी काढणार नाही. तुमच्या हाताने जायला पाहिजे."

मी म्हटलं, लग्नच करायचं नाही का तुला. ती म्हणाली, करायचं का नाही ते बघीन, पण यादीत उभं राहायचं नाही. उज्वला, म्हणजे आमचं कुटुंब, वाढता वाढता थांबली होती. मी शब्द दिला. मास्तरचा शब्द आहे, असंही वर म्हणालो. ते म्हणायची खरं तर गरज नव्हती.

आता या विद्येत काय असतं ते सांगतो. सर्व्हरमध्ये एक रोजनामा असतो, त्याला लॉग म्हणतात. नाव घातलं, त्याची नोंद. नाव काढलं, तर काढल्याचीही नोंद. या रोजनाम्याचा तुकडा ठरावीक वेळाने कापायचा, नांदेडला धाडायचा, आणि तिथल्या सर्व्हरने तो वाचून बरहुकूम तसंच करायचं. तुकड्यांना नंबर असतात. तीननंतर चारच लागणार. चार न देता पाच दिला तर नांदेडचा सर्व्हर तोंड फिरवून बसतो. आणि मुख्य गोष्ट, लातूरचा जिवंत असेपर्यंत नांदेडचा उघडायचा नाही. एकदा उघडला की तो स्वतःला मालक समजतो आणि पुढचा लॉग घेत नाही. हे सगळं तनुजाने मला दोनदा समजावलं. मी दोनदा मान हलवली. वर्गात पोरं अशी मान हलवायची तेव्हा मला वाटायचं यांना कळलं.

तनुजाने तयार केलेला दुसरा सर्व्हर नांदेडला गेला. शाखेचा कारभार चंद्रप्रभाबाईंकडे आहे. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज असा की मंगल कार्यालयातला आचारी चमचा खाली ठेवून उभा राहतो. त्यांनी परस्पर उद्घाटन ठरवलं. फीत, नारळ, माजी सभापती, सगळं. आता जी वस्तू उघडायची नाही हीच तिची थोरवी, तिचं उद्घाटन कसं करणार? मी फोनवर जीव तोडून सांगितलं. बाई म्हणाल्या, सर, पाहुणे निघालेत. शेवटी तनुजाने तोड काढली. सभापतींनी समारंभपूर्वक मॉनिटरचं बटन दाबलं, पडद्यावर उजेड आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सर्व्हर आत जसा बंद होता तसा बंद राहिला. बाईंना मात्र पडद्यावरचा "रिस्टोअरिंग", म्हणजे पुढच्या लॉगची वाट बघतोय, हा शब्द काही पचेना. रोज फोन करायच्या, अजून तेच दाखवतंय, बरं कधी व्हायचं हे? आजारी पाहुण्याची चौकशी करावी तशा करायच्या.

तेवढ्यात नांदेडच्या रस्त्यात कुणीतरी नालीसाठी खोदलं आणि इंटरनेटची तार तुटली. तार जोडायला तक्रार करावी लागते, तक्रार ज्याच्या नावाने जोडणी त्यानेच करावी लागते, आणि जोडणी होती शाखेच्या पहिल्या अध्यक्षांच्या नावाने, ते वारून सहा वर्षं झालेली. मी मृत्यूचा दाखला पाठवला. तिकडून उत्तर आलं की नाव बदलायला मूळ ग्राहकाचा अंगठा लागेल. मी लिहिलं की मूळ ग्राहक यायच्या परिस्थितीत नाहीत. त्यांनी कळवलं, घरपोच सेवा उपलब्ध आहे.

मेळावा नांदेडलाच, आणि तो अकरा दिवसांवर. शेजारचे सिद्धराम, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सगळ्या खात्यांचे सल्लागार असलेले, कंपाउंडवरून म्हणाले, "सर, तार न्हाई तर न्हाई. ग्यानोबाची गाडी हाय की."

हे मात्र पटलं. ग्यानोबाची मिनी बस रविवार सोडून रोज सकाळी दहाला लातूरहून सुटते, नांदेडला उतारू सोडते आणि संध्याकाळी त्याच्या गावी हदगावला जाते. आमच्याकडे काहीही पाठवायचं असलं की ग्यानोबा. लोणच्याच्या बरण्या जातात, जावयाचा विसरलेला चष्मा जातो, एकदा सासरी निघालेली मांजर गेली. मग लॉग का नाही जाणार? तनुजा आधी डोक्याला हात लावून हसली, मग म्हणाली, नियमाने काही हरकत नाही, वेग तेवढा कमी. दहा पेन ड्राइव्ह आणले. उज्वलाच्या लाल नेलपॉलिशने मी त्यांच्यावर आकडे घातले. चंद्रप्रभाबाईंना फोनवर शिकवलं की पेन ड्राइव्ह लावायचा, एका चित्रावर दोनदा टिचकी मारायची, "लागला" असं आलं की झालं.

बुधवारी एक नंबर गेला, गुरुवारी दोन, शुक्रवारी तीन. तिन्ही लागले. सिद्धराम गल्लीभर सांगत फिरले की नांदेडचा सर्व्हर त्यांनी चालवायला घेतलाय.

शनिवारी सकाळी मी चारशे सतरा काढला. स्नान आटोपलं, चहा घेतला, मंडळाच्या कार्यालयात जाऊन बसलो आणि काढला. त्याला थोडा वेळ लागला, पण काढला. मग लॉगचा तुकडा कापला, चार नंबरवर भरला, पळत जाऊन ग्यानोबाच्या हातात दिला. घरी येऊन तनुजाला सांगितलं, झालं तुझं काम. दुपारी तिने स्वतःच्या हाताने चहा करून आणला. दूध करपलं होतं. मी सगळा प्यालो.

सोमवारी ग्यानोबाला विचारलं, परवाचं दिलंस ना रे. म्हणाला, "हाव सर, पोचलं सगळं." मग पाच गेला, सहा गेला, शुक्रवारपर्यंत नऊ गेला. मी निर्धास्त.

आता कूलरचं सांगतो. सिद्धरामांचं म्हणणं पडलं की मे महिन्यात माणूस शिजतो तिथं मशीनची काय कथा. त्यांनी घरचा मोठा कूलर स्वतः ढकलत आणून सर्व्हरसमोर लावला. शनिवारी, मेळाव्याच्या आदल्या दिवशी, कूलरची नळी निसटली आणि लातूरच्या सर्व्हरला असा गारवा मिळाला की तो परत गरम झालाच नाही. सिद्धराम म्हणाले, मशीनच हलकं होतं. श्रीमंतरावांचा फोन आला. मी म्हणालो, "घाबरू नका, नांदेडचा कशासाठी उभा केलाय?" आयुष्यात इतक्या ऐटीत मी एकच वाक्य बोललोय, ते हे.

रविवारी सकाळी आम्ही तिघं नांदेडला. शाखेची खोली ज्या मंगल कार्यालयात आहे तिथेच मेळावा, सहाशे माणसं, स्टेजवर भिंतीएवढा पडदा. तनुजा सर्व्हरपुढे बसली आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, शेवटचा लॉग तीन नंबरचा लागलाय. चार कुठे आहे?

चंद्रप्रभाबाईंनी ड्रॉवर उघडला. पाच ते नऊ ओळीत मांडलेले. चार आलाच नव्हता. सोमवारपासून सर्व्हर सांगत होता की आधीचा नंबर पाहिजे. मग कळवलं का नाही बाई, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "कळवायचं काय त्यात? चौथी पास झाल्याशिवाय मीही पाचवीत घेत नव्हते. मला तर मशीनची शिस्त आवडली."

श्रीमंतराव घड्याळ दाखवत होते. आहे ते उघडा म्हणाले. तनुजाने आधी न उघडलेल्या सर्व्हरची जशीच्या तशी नक्कल बाजूला ठेवली, आणि मग उघडला. म्हणजे समाजाची अवस्था आता आठवड्यापूर्वीची झाली. दोन मुलांचे साखरपुडे मोडल्यासारखे झाले, कारण ते मंगळवारी ठरले होते आणि पडद्यावर दोघंही ताठ उभे होते. एकाची होणारी सासू पहिल्याच रांगेत होती. तिच्याशी श्रीमंतराव बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, कारण एव्हाना चारशेच्या घरातले नंबर सुरू झाले होते आणि मला पुढचं गणित सुटलं होतं.

चारशे सतरा पडद्यावर आला. मामेबहिणीच्या लग्नातला पाच वर्षांपूर्वीचा फोटो, हिरवं नऊवारी. श्रीमंतरावांनी खड्या आवाजात वाचलं. उंची, रंग, गृहकृत्यदक्ष. अपेक्षा, सुशिक्षित, निर्व्यसनी, स्वतःचे घर. कन्या इथेच उपस्थित आहे, असं म्हणून त्यांनी हातही केला. सहाशे माना वळल्या. तनुजा स्टेजच्या कडेला कीबोर्डपुढे बसली होती. जळकोटचे गृहस्थ उंची नीट दिसावी म्हणून उभे राहिले.

तिने चारशे अठरा पुढे आणला. काम थांबवलं नाही. मी जवळ जाऊन म्हणालो, तनू, मी काढलं होतं गं, शनिवारी, त्या चार नंबरमध्ये गेलं. ती पडद्याकडे बघत हळू म्हणाली, "अण्णा, पाच वर्षांत मी तुम्हाला एकच गोष्ट मागितली."

उज्वलाकडे बघितलं तर तिनेही मान फिरवली. म्हणाली, अहो, काढलं नव्हतं तर नव्हतं म्हणा, खोटं कशाला? एकतीस वर्षं कॉप्या पकडणारा माणूस मी, आणि घरच्यांपुढे कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा उभा. मला लई लागलं ते. तीन बाया मला गाठून विचारायला आल्या, मुलीला स्वयंपाक कितपत येतो. मी खरं सांगितलं, तेवढाच माझा सूड. आणि मागच्या दाराने निघून हदगावची बस धरली.

रविवारी ग्यानोबाची गाडी दारातच उभी असते. तो ओट्यावर दाढी करत होता. मला बघून त्याचा वस्तरा थांबला. चार नंबर म्हटल्यावर त्याला सगळं आठवलं. त्या शनिवारी नांदेडला कार्यालयासमोर वरात अडकली होती, गाडी थांबवायला जागा नाही, म्हणून परतताना देऊ म्हणत तो तसाच गावी आला. वरात कुणाची, तर आमच्याच मंडळाने जमवलेल्या लग्नाची. आणि सोमवारी मी विचारलं तेव्हा त्याला वाटलं, त्याच शनिवारी सासरहून परत निघालेल्या मांजराचं विचारतोय.

पेन ड्राइव्ह त्याच्या बायकोकडे होता. केवळाबाईंनी तो पोतराजासारखा सजवलेल्या एका स्पीकरला लावला होता आणि पुतणीकडून त्यात गाणी भरून घेतली होती. अंगणात सोयाबीनचं बी निवडत बसल्या होत्या आणि गाणं चालू होतं. मला पाणी दिलं आणि तक्रार केली, "बाकी समदी वाजून राहिलीत सर. पयलं तेवढं वाजतच न्हाई. म्या म्हनलं, असंल कायतरी, ठिवा तसंच."

ते पयलं म्हणजे माझा लॉग. पुसला नव्हता. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. नवीन पेन ड्राइव्हमध्ये सगळी गाणी भरून देईन असं वचन दिलं. आताशा वचन देताना मी मास्तरचा शब्द वगैरे म्हणत नाही.

ग्यानोबाने स्वतः गाडी काढून मला नांदेडला सोडलं. पाच वाजले होते, मेळावा उठला होता, मांडवातल्या खुर्च्या आवरणं चाललं होतं. तनुजा शाखेच्या खोलीत एकटी होती. मी चार नंबर टेबलावर ठेवला. म्हणालो, लाव.

तिने बाजूला ठेवलेली नक्कल घेतली आणि चार लावला. "लागला" असं आलं. मग आत शोधलं. चारशे सोळा होता, चारशे अठरा होता, मध्ये काही नव्हतं. मी छाती काढून उभा राहिलो. उज्वला दारात येऊन थांबली होती, तिनेही बघितलं. आता माफी मागतील म्हणून मी चष्मा पुसायला घेतला.

पण पोरगी माझीच. उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या तपासणारी. तिने लॉगच उघडला आणि वाचायला लागली. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, मला आठवलं की रोजनाम्यात घातलं-काढलं सगळ्याची नोंद असते.

सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं, चारशे सतरा काढला. सात बावन्न, परत घातला. सात पंचावन्न, काढला. आठ दोन, घातला. ती वाचत गेली. सात वेळा काढला होता आणि सहा वेळा परत घातला होता.

"अण्णा," ती म्हणाली, "दोन तास?"

काय सांगणार? सांगितलं. म्हणालो, पाच वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी तुझं पान उघडून बघायचो कुणी बघितलं का. काढलं की तिथे मोकळी जागा दिसायची. ती बघवेना. तुला घरातून काढल्यासारखं वाटायचं, म्हणून परत घालायचो. मग दिलेला शब्द आठवायचा. एवढं बोलून मी पुसलेला चष्मा परत पुसायला घेतला.

ती पुढे वाचत होती. दर वेळी घालताना मी काहीतरी बदललं होतं, तेही लॉगने लिहून ठेवलं होतं. तिसऱ्यांदा घालताना गृहकृत्यदक्ष खोडलं. चौथ्यांदा जुना फोटो काढून टाकला. सहाव्यांदा, शेवटच्या वेळी, अपेक्षांच्या रकान्यातलं सुशिक्षित, निर्व्यसनी, स्वतःचे घर हे सगळं पुसून तिथे दोनच शब्द लिहिले होते. तिला विचारावे. आणि नऊ सत्तेचाळीसला ते पान काढलं ते काढलं.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. उज्वलाने डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, अहो, तुमचं जेवण राहिलंय. तनुजाने पाच, सहा, सात, आठ, नऊ एका दमात लावले. मोडलेले दोन्ही साखरपुडे पुन्हा जुळले.

मग तिने विचारलं, पुन्हा घालणार नाही ना. मी खरं तेच बोललो. म्हणालो, पासवर्ड माझ्याकडे आहे तोवर माझा भरवसा धरू नकोस. ती हसली आणि माझ्या देखत पासवर्ड बदलला. मी शिस्तीत मान फिरवून उभा राहिलो.

नांदेडचा सर्व्हर आम्ही रात्रीच लातूरच्या कार्यालयात आणून लावला होता, तिथे सोमवारी सकाळी चहाच्या आधी सवयीने गेलो. जुना पासवर्ड चालला नाही. खाली लिहिलं होतं, आठवत नसल्यास सूचना पहा. पाहिली. सूचनेत होतं, "तिला विचारावे."

घरी येऊन विचारलं. तिने सांगितला नाही.